मुशी-पाकटांतील पट्टकृमींची ओळख
(वसई येथे शिक्षक व पंचायत सभासदांपुढे केलेले भाषण)



अर्नाळा, नायगाव, पाचूबंदर येथे मुशी व पाकट ही मासळी आपण सर्वांनी पाहिली आहे. ती साफ करताना आतड्यात पांढरे, फितीसारखे जंत आढळतात आणि आतड्याबरोबर फेकले जातात. हेच पट्टकृमी. ते माणसाच्या आतड्यात घर करीत नाहीत. तेव्हा भिण्याचे कारण नाही. मासळी मात्र नीट शिजवूनच खावी.

पट्टकृमीला तोंड नसते, आतडेही नसते. तो त्वचेतूनच अन्न शोषतो आणि डोक्यावरील आकड्यांनी वा चोषकांनी माशाच्या आतड्याला चिकटून राहतो. डोक्याची ठेवण व शरीराच्या खंडांतील अवयव सूक्ष्मदर्शकाखाली पाहून त्यांच्या जाती ठरविल्या जात. औरंगाबादच्या (आता छत्रपती संभाजीनगर) मराठवाडा विद्यापीठातील प्रा. जी. बी. शिंदे व त्यांचे सहकारी यांनी पश्चिम किनाऱ्यावरील माशांतील अनेक जातींची वर्णने याच रीतीने प्रसिद्ध केली.

परंतु या मऊ प्राण्याचे शरीर औषधात टाकताच आकसते आणि एकाच जातीचे दोन नमुने निराळे भासतात. त्याची अळी तर प्रौढासारखी दिसतच नाही. येथे जनुकांचे वाचन साह्यास येते. रायबोसोमशी संबंधित एक जनुक सर्व पट्टकृमींत असते. त्यातील ए, सी, जी, टी या चार घटकांचा क्रम दोन कृमींत ताडून पाहिला की फरक जितका थोडा तितके नाते जवळचे. अळी व प्रौढ यांची जोडीही अशीच जुळविता येते.

या तपासणीत टेट्राफिलिडिया हा जुना गण एका कुळाचा नसल्याचे दिसून आले. त्यातून 2009 मध्ये एक गण वेगळा काढण्यात आला आणि 2014 मध्ये आणखी दोन नवे गण मांडण्यात आले. 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या जागतिक आढाव्यात पट्टकृमींचे 19 गण व सुमारे 4,800 जाती नोंदल्या आहेत.

आपला संबंध येथेच येतो. मुशी-पाकटांतील पट्टकृमीची एक जाती बहुधा माशाच्या एकाच जातीत राहते. माशाचे नाव चुकले की कृमीची नोंदही चुकते; मासा नाहीसा झाला की त्याचे कृमीही, नाव मिळण्यापूर्वीच, नाहीसे होतात. फॉर्मॅलिनमध्ये ठेवलेल्या जुन्या नमुन्यांतून जनुकक्रम क्वचितच वाचता येतो. म्हणून जुनी नावे पारखण्यासाठी त्याच किनाऱ्यावरील ताजे नमुने हवेत.

यासाठी महाविद्यालयांनी कोळी बांधवांचे साह्य घ्यावे. माशाचे छायाचित्र, स्थानिक नाव, बंदर व तारीख टिपावी आणि कृमी तीव्र अल्कोहोलमध्ये ठेवावा. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या सूचीत 2001 पासून काही मुशी व पाकटेही आहेत; नमुन्यासाठी त्यांना हात लावू नये. कोणता मासा कोणत्या हंगामात येतो, हे ज्ञान कोळीवाड्यात आहे. प्रयोगशाळेतील यंत्राला त्याची जोड मिळाली नाही, तर वाचलेली अक्षरे कोणत्या माशातील, हेच कळणार नाही.