अदुलिसचा लेख आणि आपलं कल्याण



सुट्टी लागली की मुलं गोष्ट मागतात, आणि तीसुद्धा गुप्तहेराची. बहिर्जी नाईकांची सांगून झाली असेल, तर आज ही एक खरी गोष्ट घ्या. ती घडली आफ्रिकेत, पण तिचं एक टोक आपल्या कल्याणात आहे.

आजच्या इथिओपिया आणि एरिट्रियात पूर्वी अक्सुम नावाचं बलाढ्य राज्य होतं. त्यांची स्वतःची सोन्याची नाणी होती, एकेका अखंड दगडातून घडवलेले उंच स्तंभ होते. तांबड्या समुद्रावर अदुलिस हे त्यांचं बंदर. इ.स. 520च्या सुमारास तिथे अलेक्झांड्रियाचा एक व्यापारी आला. पुढे तो कॉसमस या नावाने ओळखला गेला.

राजा कालेब तेव्हा समुद्रापलीकडे, येमेनवर स्वारी करायच्या तयारीत होता. अदुलिसमध्ये एक जुनं संगमरवरी सिंहासन होतं. त्यावर आणि मागच्या शिळेवर ग्रीक भाषेत पूर्वीच्या राजांचे विजय कोरलेले होते. राजाचा हुकूम आला, ‘या लेखाची नक्कल पाठवा.’ अधिकाऱ्याने ते काम कॉसमस आणि त्याचा सोबती मेनास यांच्यावर सोपवलं. त्यांनी अक्षर न् अक्षर उतरवलं, एक प्रत दिली आणि एक स्वतःजवळ ठेवली. आज ते सिंहासनही नाही, शिळाही नाही. लेख कळतो तो केवळ त्या जपलेल्या प्रतीमुळे.

कॉसमस काही गुप्तहेर नव्हता, पण नजर तशीच. त्याच्या पुस्तकात ‘कल्लियाना’, म्हणजे आपलं कल्याण, मोठं बंदर म्हणून येतं. तांब्याचा माल, शिसवी लाकूड आणि कापड इथून बाहेर जाई, असं तो लिहितो.

आता एक सांगते. अक्सुमच्या त्या मुलखाला अरब लोक ‘हबश’ म्हणत. त्यावरूनच आपल्याकडे ‘हबशी’ शब्द आला. आणि आपण तो कशाला वापरतो? सावळ्या लेकराला चिडवायला! घरातलीच माणसं बोलतात, आणि पोर आरशासमोर पावडर थापत बसते.

म्हणून मुलांना एकदा दुर्गाडीवर न्या, खाडी दाखवा आणि ही गोष्ट सांगा. ‘हबशी’ ही शिवी नाही, आपल्याशी जोडलेल्या एका वैभवशाली मुलखाच्या माणसांचं नाव आहे, हेही सांगा. आणि ते आधी आपल्या तोंडून बंद होऊ द्या.