सेंट हेलेनाचा अर्धा पेनी
(गणेशोत्सवातील कार्यक्रमात केलेल्या छोटेखानी भाषणाचा मजकूर)



गणपती यायच्या आधी आपल्याकडे तांब्याचे ताम्हन, पळी-पंचपात्री चिंचेने घासून लख्ख करतात. तांबे म्हणजे चकचकीत, हे डोळ्यांत बसलेले असते. तेच मला एकदा नडले.

बदली होऊन कोलकात्याला आलो, त्या वर्षी एका विक्रेत्याकडे तांब्याचे नाणे पाहिले. एका बाजूला ईस्ट इंडिया कंपनीचे चिन्ह, दुसऱ्या बाजूला पानांच्या वेढ्यात 'सेंट हेलेना, हाफपेनी, १८२१'. "प्रूफ आहे, साहेब," तो म्हणाला. आरशासारखे चमकत होते. मी प्रूफच्या भावाने घेतले.

सेंट हेलेना हे दक्षिण अटलांटिकमधले जेमतेम १२२ चौरस किलोमीटरचे बेट. १८३४ पर्यंत ते कंपनीकडे होते. हिंदुस्थानातून परतणारी जहाजे तिथे पाणी भरत. आपल्या असईची लढाई (१८०३) जिंकलेला वेलस्ली १८०५ साली परतताना तिथे थांबला होता. पुढे नेपोलियनला तिथेच कैदेत ठेवले आणि १८२१ च्या ५ मे रोजी तो तिथेच वारला. त्याच सालचे हे नाणे. ते पडले बर्मिंगहॅमजवळ, बोल्टनच्या सोहो टांकसाळीत. मुंबईच्या टांकसाळीची वाफेची यंत्रेही या बोल्टन घराण्याच्याच कारखान्यातली.

आता प्रूफ म्हणजे काय? बाजारात चालवण्यासाठी नव्हे, तर नमुना किंवा भेट म्हणून काळजीपूर्वक पाडलेले नाणे. त्यासाठी ठसा आणि चकती दोन्ही आधी घोटून घेतात. अक्षरे धारदार उठतात, कड रेखीव येते. ही झळाळी ठशातून येते, मागाहून चोळून नाही. सोहोची कित्येक प्रूफ नाणी तर मुद्दाम तपकिरी रंगवलेली असत!

वर्षभराने एका वयस्क संग्राहकांनी माझे नाणे भिंगाखाली धरले. सगळीकडे बारीक ओरखडे, अक्षरांच्या कडा बोथट. साधे, वापरातले नाणे कुणीतरी घासून चकचकीत केले होते. ते एवढेच म्हणाले, "नाणं खरं आहे हो, चमक खोटी आहे."

पैसे गेले, त्याचे फारसे वाटले नाही. पण त्या रात्री आठवले, आजोबांच्या डब्यातल्या चार शिवराया मी शाळेत असताना चिंचेने घासल्या होत्या. आजोबा काही बोलले नव्हते. दोनशे वर्षांत धरलेला तो रंग पुन्हा येत नाही; आंबट लागले की वरचा थरच निघून जातो.

म्हणून हात जोडून विनंती. गावाकडच्या घरी, देव्हाऱ्यात किंवा जुन्या डब्यात तांब्याचे नाणे सापडले, तर घासू नका. कोरड्या कागदात गुंडाळून, कडेला धरून जाणकाराला दाखवा. ताम्हन खुशाल घासा, नाण्याला मात्र चिंच लावू नका.

गणपती बाप्पा मोरया!