अंगणातला रानतेरडा



आपल्या नांदेड-लातूरकडे बाग म्हटलं की पाण्याची काळजी आधी येते. एप्रिल 2016 मध्ये लातूरला प्यायचं पाणी मिरजेहून रेल्वेनं आणावं लागलं, हे कोण विसरेल? म्हणूनच मी रानतेरड्याची शिफारस करतो. हे हंगामी रोप पावसात उगवतं, पावसातच फुलतं आणि पाऊस सरला की बी टाकून वाळून जातं. सगळा उन्हाळा त्याचं बी मातीत पडून राहतं. तेव्हा त्याला तांब्याभर पाणीही लागत नाही.

बाजारातल्या बियांचा भरगच्च पाकळ्यांचा तेरडा वेगळा. मी बोलतोय तो एकेरी, गुलाबी फुलाचा, किनवट-माहूरकडच्या डोंगरात पावसाळ्यात दिसणारा, मूळचा आपल्या देशातला. या फुलाच्या मागे बारीक वाकडी नळी असते आणि मध तिच्यात असतो. एकेरी फुलात मधमाशीला तिथवर सहज पोचता येतं. माझ्या लेखी रानातल्या तेरड्याची थोरवी इथंच आहे.

बी धरताना मात्र सावध राहा. लवदार बोंड पिकून पिवळसर झालं की बोट लागताच फुटतं, पाचही कप्पे गुंडाळले जातात आणि बी दूर उडतं. म्हणून आधी बोंडावर कागदी पिशवी धरा, मग हात लावा. बी सावलीत वाळवून कागदाच्या पुडीत ठेवा.

आपली काळी जमीन पाणी धरून ठेवते आणि तेरड्याचं खोड रसाळ असतं, साचलेल्या पाण्यात ते कुजतं. वाफा उंच करा, त्यात थोडी वाळू आणि शेणखत मिसळा. मृगाच्या पहिल्या सरीला पेरायची घाई नको. जमीन वीतभर ओली होऊ द्या, नाहीतर उघडीप पडली की कोवळी रोपं माना टाकतात. बियांवर जेमतेम झाकेल एवढीच माती पसरा. आठवडाभरात कोंब दिसतात, दोनेक महिन्यांत फुलं येतात. जूनमध्ये पेरलं तर भादव्यातल्या महालक्ष्म्यांना घरची फुलं मिळतात. कोकणात तर तेरड्याच्या रोपांचीच गौर मांडतात.

पानांवर कधी शेपटीला काटा असलेली जाड अळी दिसेल. ती हॉक मॉथ नावाच्या पतंगाची. औषध फवारू नका. चार पानं तिनं खाल्ली तरी रोप मरत नाही.

आणि एक विनंती. डोंगरात गेलात तर रोपं उपटून आणू नका, आठ-दहा बोंडं पुरे. पुढच्या वर्षी तुमच्या वाफ्यातलं मूठभर बी शेजारच्या घरी द्या.