परतीचा हिशेब



आखातात आयुष्य घालवलेले आपले अब्बा, चाचा साठीला कोकणात का परततात? गावची ओढ असतेच, पण ते अर्धंच उत्तर आहे. तिथला निवासी परवाना नोकरीला बांधलेला. नोकरी संपली की मुक्काम संपला. तीस वर्षं राबूनही नागरिकत्व सहसा मिळत नाही. पेन्शनही नाही, फक्त ग्रॅच्युइटी. यूएईच्या कायद्यात पहिली ५ वर्षं दरवर्षी २१ दिवसांचा मूळ पगार, पुढे ३० दिवसांचा. तेवढ्यात म्हातारपण निघत नाही.

म्हणजे परतणं ठरलेलंच आहे. मग त्याची तयारी जातानाच करू या. घराचा आणखी एक मजला चढवण्याआधी निवृत्तीची बचत आणि आरोग्य विमा बघा. आणि अब्बा परतले की ‘किती आणलंत?’ विचारण्याआधी त्यांच्याजवळ बसा. इतकी वर्षं ते स्वतःच्याच घरात पाहुणे होते.