मैत्री, सत्ता आणि तिसरा माणूस

शनिवार, २३ ऑगस्ट २०२५ रोजी पांढुर्ण्याच्या जाम नदीत गोटमार झाली. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नदीपात्रात पळसाचे झाड रोवावे, एका काठावरून पांढुर्णेकरांनी ते आणावयास धावावे, दुसऱ्या काठावरून सावरगावकरांनी गोट्यांच्या माऱ्याने त्यांना थोपवावे, आणि अखेर ते झाड चंडीमातेच्या देवळात जावे, असा हा जुना परिपाठ. शेकडो माणसे जखमी होतात. प्रसंगी जीवही जातो. या प्रथेचे समर्थन करणे कठीणच. तथापि दोन्ही काठ एकमेकांचे शेजारी आहेत, आणि त्यांच्या भांडणाला एकच दिवस नेमून दिलेला आहे, एवढे मान्य केले पाहिजे.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, या मुलखाशी निगडित असलेले एक निराळे भांडण चव्हाट्यावर आले. ते कमलनाथ व दिग्विजय सिंह या दोन वृद्ध काँग्रेस नेत्यांमधील होते, आणि त्याला संपण्याचा दिवस कोणी नेमून दिलेला नव्हता.

पांढुर्णा व सौंसर या मराठी बोलणाऱ्या तहसिली. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत त्या मध्य प्रदेशातच राहिल्या. भोपाळपेक्षा नागपूर जवळ, संत्र्याच्या बागा दोन्हीकडे, आणि कचेरीची भाषा मात्र हिंदी. ऑक्टोबर २०२३ मध्ये या दोन तहसिलींचा मिळून पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला. परंतु लोकसभेसाठी त्या छिंदवाड्यालाच जोडलेल्या राहिल्या. हा मतदारसंघ कमलनाथ यांनी १९८० साली प्रथम जिंकला. जन्म कानपूरचा, शिक्षण डून स्कूल व कलकत्ता येथील. या मातीशी पूर्वसंबंध कसलाच नाही. तरीही १९९७ च्या पोटनिवडणुकीत सुंदरलाल पटवा यांनी दिलेला धक्का वगळला, तर २०२४ पर्यंत ही जागा त्यांच्या घरातच राहिली.

दिग्विजय सिंह हे राघोगढच्या संस्थानी घराण्यातले. दोघांचा स्नेह सुमारे पन्नास वर्षांचा. १९९३ साली मध्य प्रदेशचे मुख्यमंत्रिपद कोणाकडे जावे, असा प्रश्न उभा राहिला तेव्हा कमलनाथ यांनी आपले वजन दिग्विजय सिंह यांच्या पारड्यात टाकले. पुढे २०१८ मध्ये कमलनाथ यांची पाळी आली, त्या वेळी दिग्विजय सिंह त्यांच्या पाठीशी होते. २३० पैकी ११४ जागा मिळालेले ते सरकार पंधरा महिने टिकले. मार्च २०२० मध्ये ज्योतिरादित्य शिंदे भारतीय जनता पक्षात गेले, बावीस आमदारांनी राजीनामे दिले, आणि २० मार्च रोजी कमलनाथ पायउतार झाले.

ते सरकार का पडले, यावरूनच ऑगस्ट २०२५ मधील वाद पेटला. एका मुलाखतीत दिग्विजय सिंह यांनी सांगितले की भांडण कमलनाथ व शिंदे यांचे होते. समेटासाठी बैठक झाली, ग्वाल्हेर-चंबळ भागातील मागण्यांची यादीही झाली, पण तिची अंमलबजावणी झाली नाही. त्यावर कमलनाथ यांनी समाजमाध्यमातून उत्तर दिले. जुन्या गोष्टी उकरून लाभ नाही, असे म्हणून त्यांनी त्या उकरल्याच. शिंदे यांची वैयक्तिक महत्त्वाकांक्षा तर होतीच. शिवाय सरकार दिग्विजय सिंह चालवितात असे त्यांना वाटत होते, असे त्यांनी लिहिले.

ही दोन विधाने लोकांनी परस्परविरोधी मानली. वस्तुतः ती एकत्र सुखाने नांदू शकतात. शिंदे यांची मागणी पुरी झाली नाही हे एक. आणि ती पुरी न होण्यामागे दुसऱ्याच कोणाचा हात आहे असे त्यांना वाटावे, हे दुसरे. कमलनाथ यांनी मित्रावर कारस्थानाचा आरोप केलेला नाही. तिसऱ्याला तसे वाटले, एवढेच ते म्हणाले. पण त्याला तसे वाटावे याचे कारण दोघांमधील वैर नव्हे, तर त्यांची मैत्री होती. जुने मित्र एकमेकांना न विचारता समजून घेतात. मंत्रिमंडळात हाच गुण बाहेरच्या माणसाला बंद दारासारखा दिसतो.

मैत्रीत थट्टा चालते, हेही खरे. ऑक्टोबर २०२३ मध्ये तिकीटवाटपावरून चिडलेल्या कार्यकर्त्यांना कमलनाथ यांनी दिग्विजय सिंह यांचे कपडे फाडावयास सांगितले, आणि पुढे जाहीरनाम्याच्या व्यासपीठावर, आपल्या वतीने शिव्या खाण्याचे मुखत्यारपत्र आपण त्यांना दिले आहे, असा खुलासा केला. सभेत हशा पिकला. निवडणुकीत भाजपला १६३ व काँग्रेसला ६६ जागा मिळाल्या. पांढुर्णा व सौंसर येथील मतदारांनी मात्र काँग्रेसचेच आमदार निवडून दिले. म्हणजे मत जिंकले आणि सत्ता हुकली. २०२४ मध्ये लोकसभेची जागाही नकुलनाथ यांच्या हातून एक लाखाहून अधिक मतांनी गेली.

सप्टेंबर २०२५ च्या आरंभी दिग्विजय सिंह दिल्लीत कमलनाथ यांना भेटले, छायाचित्र प्रसिद्ध केले आणि मतभेद असले तरी मनभेद नाहीत असे लिहिले. हे प्रांजळ असावे. मात्र १९९३ साली मुख्यमंत्रिपदासाठी चर्चेत असलेल्या नावांत एक नाव माधवराव शिंदे यांचेही होते. ज्योतिरादित्य त्यांचेच चिरंजीव.