आठवत नाही म्हणजे डोके नाही, असे नव्हे
(विद्यार्थी मार्गदर्शन मेळाव्यातील भाषण)



परीक्षा झाली की अकरावी-बारावीची मुले आमच्याकडे येतात आणि म्हणतात, "काका, रात्रभर वाचलं, पण पेपरात काहीच आठवलं नाही. आम्हाला डोकंच नाही." या वाक्याची आम्हाला फार काळजी वाटते. पेपर पुन्हा देता येतो. पण असे एकदा मनाने घेतले की मूल शिक्षणच सोडते. बी. ए. ला असताना आम्हीही असेच म्हणत होतो.

जर्मनीतील हर्मान एबिंगहाउस यांनी निरर्थक अक्षरे पाठ करून स्वतःच्याच स्मरणशक्तीवर प्रयोग केले व १८८५ साली ते ग्रंथरूपाने मांडले. विसरण्याचा वेग पाठांतरानंतर लगेच सर्वांत जास्त असतो आणि पुढे तो मंदावतो, असे त्यांना आढळले. एवढा विद्वानही तासाभरात बरेच विसरत होता! तेव्हा विसरणे हा मनाचा धर्म आहे, बुद्धीचा दोष नव्हे.

आम्ही बँकेत काम करतो. पासबुकावरचा खाते क्रमांक संगणकात घालेपर्यंत लक्षात राहतो. पुढचा ग्राहक आला की तो गेला. ही अल्पकालीन स्मृती. परंतु रोज येणाऱ्या दुकानदाराचा क्रमांक आम्ही पासबुक न पाहता सांगतो, कारण तो अनेकदा आठवावा लागला आहे. तो दीर्घकालीन स्मृतीत गेला.

अभ्यासाचेही तसेच आहे. अमेरिकेतील रोडिगर व कार्पिकी यांचा २००६ सालचा प्रयोग पाहा. काही विद्यार्थ्यांनी एक उतारा चार सत्रांत पुन्हा पुन्हा वाचला. इतरांनी एका सत्रात वाचून तीन वेळा न पाहता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी वाचणारे पुढे होते, ८३ विरुद्ध ७१ टक्के. आठवड्याने मात्र वाचणाऱ्यांना ४० टक्के आणि आठवून लिहिणाऱ्यांना ६१ टक्के आठवले. नुसत्या वाचनाने 'आले' असे वाटते, तिथेच आपण फसतो.

म्हणून मित्रहो, धडा वाचा, पुस्तक मिटा आणि पाठकोऱ्या कागदावर आठवून लिहा. मग चुकलेले तपासा. दुसऱ्या दिवशी, पुन्हा आठवड्याने तेच करा. जागरण टाळा, वाचलेले पक्के होण्यास झोप लागते. याला क्लासची फी लागत नाही, की स्वतंत्र खोली लागत नाही.

आणि पालकांनो, मुलाला आठवले नाही तर "तुला डोकं नाही" असे म्हणू नका. नेमके तेवढेच वाक्य ते जन्मभर विसरत नाही.