जीप का उसळते?

आपल्या परभणीची काळी जमीन कापसाला मानवते, गाडीला नाही. पावसात चाकोऱ्या पडतात, उन्हाळ्यात त्याच दगडासारख्या वाळतात. अशा वाटेवर आमची जुनी जीप उसळू लागली, तेव्हा एका मिस्त्रीने कमानपाट्यांत आणखी एक पट्टी घातली. ती अधिकच उसळू लागली! जिंतूरच्या वाटेवर ब्रेक दाबला, तर चाके जमिनीला नीट टेकतच नव्हती; म्हशीच्या हातभर अलीकडे थांबलो. मागे शाळेची पोरे होती.

दोष पाट्यांचा नव्हताच. जीपचा हा घाट १९४१ सालचा, विलीजचा, युद्धासाठी घडवलेला: पुढेमागे कमानपाटे आणि चार शॉकअब्सॉर्बर, मिस्त्रींच्या भाषेत ‘शॉकअप’. पाटे भार झेलतात. त्यांची उसळी आवरतो शॉकअप. त्याच्या नळीतले तेल बारीक छिद्रांतून अडतअडत जाते आणि उसळीचा जोर उष्णतेत जिरतो. तेल गळाले, की उरते नुसती नळी.

गाडीचा कोपरा दाबून सोडा. डोलत राहिली तर शॉकअप गेला. पाटे ताठ असले तर ही खूण फसवते बरे का! पण नळीवर तेलाचा ओघळ दिसला, की शंका नको.

बदलताना एका आसाची जोडी बदला. गंजलेल्या नटांना आदल्या रात्री तेल द्या. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली शिरू नका, भक्कम ठोकळे लावा. रबरी बुश नवे घाला, आणि नट शेवटचे आवळायचे ते चाके जमिनीवर टेकल्यावरच. नाहीतर रबर पिळून फाटते.

आम्ही चारही बदलले. ती जादा पट्टी मिस्त्रीला परत दिली.